अख्खी गोळी, अख्खा दिवस

नमस्कार. आयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘एडीएचडीची औषधं: सुरक्षित की धोकादायक?’ एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं अवघड जाणारा विकार. या विषयातला औषध घ्यावं की नाही हा भाग मी बाजूला ठेवतो. ते तुम्ही आणि तुमचे मानसोपचारतज्ज्ञ समोरासमोर बसून ठरवायचं. मला आज बोलायचंय ते ज्यांच्या घरात गोळी आधीच सुरू झालेली आहे त्यांच्याशी. ती दिवसभर चालणारी, ‘लाँग अ‍ॅक्टिंग’ किंवा ‘ईआर’ (एक्स्टेंडेड रिलीज, म्हणजे औषध सावकाश सोडणारी) लिहिलेली उत्तेजक गोळी. माझं म्हणणं एवढंच आहे, की या गोळीत औषध जितकं महत्त्वाचं तितकीच तिची बांधणी महत्त्वाची. आणि बहुतेक गोंधळ होतो तो बांधणी माहीत नसल्यामुळे, तोही चांगल्या हेतूनं.

औषधं तशी जुनीच आहेत. 1937 मध्ये चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकन डॉक्टरांनी मुलांवर अ‍ॅम्फेटामाइनचा काय परिणाम होतो हे लिहून ठेवलं. मिथिलफेनिडेट हे दुसरं उत्तेजक औषध 1944 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालं. अडचण अशी, की साध्या मिथिलफेनिडेटचा असर तीन-चार तासांत ओसरतो. म्हणजे सकाळी एक, दुपारी शाळेत एक, कधी संध्याकाळी आणखी एक. वर्गातल्या सगळ्यांसमोर गोळी घ्यायला कुठल्या मुलाला आवडेल? आणि ज्याचा मूळ त्रासच विसरभोळेपणाचा आहे, त्याला दिवसातून तीनदा आठवणीनं गोळी घ्यायला सांगायचं, ही तर थट्टाच झाली. म्हणून सकाळी एकदाच घ्यायची गोळी आली.

आता ती गोळी आतून बघू. 2000 साली अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या कॉन्सर्टा या मिथिलफेनिडेटच्या गोळीचं उदाहरण घेतो. 36 मिलिग्रॅमची एक गोळी. तिच्या बाहेरच्या लेपात एकूण औषधाच्या 22 टक्के, म्हणजे साधारण 8 मिलिग्रॅम औषध असतं. ते पहिल्या तासाभरात मोकळं होतं. लेपाखाली एक टणक कवच, आणि त्याच्या एका टोकाला लेझरनं पाडलेलं बारीक छिद्र. आत औषधाचे दोन थर, आणि त्यांच्या मागे तिसरा थर, ज्यात औषध अजिबात नाही. पोटातलं पाणी कवचातून हळूहळू आत झिरपतं, तो तिसरा थर फुगतो आणि औषध त्या छिद्रातून थोडं थोडं बाहेर ढकलतो. रक्तातली पातळी सहा ते दहा तासांनी सर्वांत वर जाते, असर साधारण बारा तास राहतो. रिकामं कवच शौचावाटे बाहेर पडतं. ते पाहून आई-वडील घाबरतात. “डॉक्टर, गोळी विरघळलीच नाही!” विरघळायची नसतेच ती. औषध पोटात राहिलं, टरफल बाहेर आलं.

या गोळीचे सुरीनं दोन तुकडे केले तर काय उरेल, याचा विचार करा. कवच फुटलं, पाणी कुठूनही आत शिरणार, ढकलणाऱ्या थराला ढकलायला आधारच नाही. सावकाश सुटायचं औषध एकदम सुटण्याचा धोका. सकाळी छातीत धडधड, चिडचिड, आणि दुपारनंतर असरच नाही. वडील सांगतात, “आम्ही सावधगिरी म्हणून अर्धीच देतो.” त्यामागची काळजी मला कळते. पण डोस कमी हवा असेल तर कमी मिलिग्रॅमची अख्खी गोळी मागा. ही गोळी तोडायची नाही, चावायची नाही, कुटायची नाही. ज्यांच्या आतड्याचा एखादा भाग अरुंद झालेला आहे त्यांना ही बनावट देतही नाहीत, कारण ते कवच अडकू शकतं.

दुसरी बनावट कॅप्सूलची. आत बारीक दाणे. काही कॅप्सूलमध्ये निम्मे दाणे लगेच आणि निम्मे सुमारे चार तासांनी औषध सोडतात. गिळता न येणाऱ्या मुलांसाठी यातल्या बऱ्याचशा कॅप्सूल उघडून दाणे चमचाभर मऊ, गार पदार्थावर भुरभुरवता येतात. लगेच गिळायचं, आणि दाणे दाताखाली येऊ द्यायचे नाहीत. मात्र हे आपल्या कॅप्सूलला चालतं का, ते आधी विचारून घ्या.

तिसरी, अ‍ॅम्फेटामाइन गटातल्या लिसडेक्सअ‍ॅम्फेटामाइनची. मला स्वतःला ही फार चलाख रचना वाटते. इथे कॅप्सूलमध्ये काहीच यंत्रणा नाही. औषधाला लायसिन नावाचं अमिनो आम्ल जोडलेलं आहे, आणि ते जोडलेलं असेपर्यंत औषध निष्क्रिय असतं. शरीरात, मुख्यतः तांबड्या रक्तपेशींमध्ये, ही जोडी सुटते आणि मग काम सुरू होतं. त्यामुळे ही कॅप्सूल पाण्यात मिसळूनही चालते. फक्त मिसळल्यावर लगेच पिऊन टाकायची.

म्हणजे तिन्हीवर ‘दिवसातून एकदा’ असंच लिहिलेलं, पण आतला कारभार पूर्ण वेगळा. दुकानदार म्हणाला, “तेच आहे, कंपनी दुसरी,” तर मिलिग्रॅम जुळले एवढ्यावर मान डोलावू नका. खोकं बदललं की डॉक्टरांना एक फोन करा.

मोठ्यांसाठी एक गोष्ट, कारण आता मोठ्या वयातही निदान होऊ लागलंय. मद्य. प्रयोगशाळेत दाण्यांची एक मिथिलफेनिडेट कॅप्सूल 40 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवली, तेव्हा जवळपास सगळं, 98 टक्के औषध पहिल्या तासात सुटलं. पोटात अगदी तसंच होईल असं नाही, पण दिवसभराचा डोस तासाभरात सुटणं म्हणजे काय ते यावरून कळावं.

आता संध्याकाळ. माझ्याकडे सर्वाधिक तक्रारी या वेळेच्या येतात. दिवसभर शाळेत शहाण्यासारखं वागलेलं पोर पाच-सहाच्या सुमारास दप्तर फेकतं, भावंडावर ओरडतं, कारण नसताना रडतं. औषध उतरताना काही मुलांचं असं होतं. लगेच डोस वाढवायची किंवा संध्याकाळी आणखी एक लांबणारी गोळी द्यायची घाई करू नका. त्या गोळीचा असर मध्यरात्र ओलांडेल आणि झोप उडेल. दुसऱ्या दिवशी झोप न झालेलं मूल आणखी अस्वस्थ, आणि आपण म्हणणार औषध पुरत नाही. नेमकं किती वाजता सुरू होतं, किती वेळ टिकतं, त्या दिवशी जेवण झालं होतं का, एवढं आठवडाभर वहीत लिहा. त्या नोंदीवरून डॉक्टर बनावट बदलतील किंवा वेळ बदलतील.

सकाळची गोळी विसरली आणि दुपार झाली, तर त्या दिवशी सोडून द्या. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

भुकेचं म्हणाल तर ती बऱ्याच मुलांची मरते. म्हणून न्याहारी आधी, गोळी नंतर, आणि रात्री भूक परतते तेव्हा पोटभर जेवण. वजन-उंची डोळ्यांनी अजमावू नका, तक्त्यावर मांडा. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिकेत या लांबणाऱ्या गोळ्यांना मंजुरीच नाही. त्यांच्या रक्तात पातळी जास्त चढते आणि वजन घटतं, म्हणून 2025 मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं ही सूचना सर्व माहितीपत्रकांत घालायला लावली.

हृदयाची भीती सगळ्यांनाच असते. सरासरीनं बीपी 2 ते 4 अंकांनी आणि नाडी मिनिटाला 3 ते 6 ठोक्यांनी वाढते. ऐकायला किरकोळ. पण सरासरीत एखाद्याची मोठी वाढ लपून जाते, म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी, प्रत्येक वेळी डोस बदलल्यावर आणि पुढे साधारण दर सहा महिन्यांनी मोजायचं. धावताना कधी चक्कर येऊन पडलाय का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? डॉक्टरांनी हे विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगा. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, भास होणं, लिंग ताठ राहून तासन्‌तास न उतरणं, यात वाट पाहायची नाही, थेट रुग्णालय गाठायचं. बोटं पांढरी-निळी पडत असतील तर तेही लवकर कळवा.

इतर औषधांपैकी एमएओ प्रकारची (शरीरातलं एमएओ हे विकर अडवणारी) नैराश्याची औषधं आणि ही, यांत 14 दिवसांचं अंतर लागतं. लिनेझोलिड हे प्रतिजैविकही त्याच जातीचा गुण दाखवतं. सर्दीवरच्या स्यूडोएफेड्रिननं बीपी आणखी वाढू शकतं. अ‍ॅम्फेटामाइन गटातलं औषध असेल तर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसानं त्याचा असर घटू शकतो, खाण्याच्या सोड्यानं वाढू शकतो.

आणि किशोरवयीन मुलांच्या पालकांनो, डबी कुलपात ठेवा, गोळ्या मोजा. परीक्षेच्या आठवड्यात “एक दे ना” म्हणणारा मित्र भेटतोच. त्या मित्राचं बीपी कुणी पाहिलेलं नसतं, घरातला हृदयाचा इतिहास कुणी विचारलेला नसतो. अशा वाटून घेण्याच्या धोक्याबद्दल माहितीपत्रकातला चौकटीतला, म्हणजे सर्वांत गंभीर, इशारा 2023 मध्ये अमेरिकेत या सर्व औषधांवर अधिक ठळक केला गेला.

मागून एका ताईंची चिठ्ठी आलीय. “मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन आहे, गोळी चालू ठेवायची का?” बरं झालं विचारलंत. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजच सांगा, शस्त्रक्रियेच्या सकाळी नाही. भुलीच्या काही वायूंबरोबर मिथिलफेनिडेट असेल तर बीपी अचानक चढू शकतं, त्यामुळे त्या दिवशीची गोळी बहुधा टाळायला सांगतात. पुन्हा कधी सुरू करायची हेही त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आणि जाताना औषधाचं खोकं सोबत न्या.