ईजीआरचा कोड आला? आधी तारा मोजा

नमस्कार श्रोतेहो.

डिझेल गाडी चालवणाऱ्या बऱ्याच जणांना हे ओळखीचं असेल. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. गाडी बंद पडत नाही, पण घाट चढताना पिकअप मिळत नाही, कधी काळा धूर दिसतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात, पडद्यावर ईजीआर, म्हणजे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन, ही अक्षरं येतात आणि तिथल्या तिथे निकाल लागतो, "व्हॉल्व्ह गेला, नवीन टाकावा लागेल." हजारो रुपयांचा व्हॉल्व्ह बसतो, दिवा विझतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा लागतो. बिघाड वायरिंगमध्ये असला तर दुसरं काय होणार? स्कॅनर कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो. त्या सर्किटमधलं नेमकं काय बिघडलंय ते मल्टिमीटर लावून माणसालाच शोधावं लागतं. ते कसं शोधायचं, ते आज सांगणार आहे. गाडीमालकांनी ऐकावंच, पण गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलामुलींनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावं.

आधी हा व्हॉल्व्ह करतो काय, ते थोडक्यात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूचा काही भाग तो पुन्हा आत सोडतो. या वायूत ऑक्सिजन कमी असतो, म्हणून सिलिंडरमधल्या ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं कमी तयार होतात. डिझेल मोटारीला बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांत किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम ऑक्साइडांची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती ८० वर आली. व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचा हे इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, ठरवतो. हलक्या लोडवर तो उघडतो आणि पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की मिटतो. जुन्या काही गाड्यांत व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर चालतो. तिथे वीज लागते ती व्हॅक्यूम सोडणाऱ्या बाजूच्या सोलेनॉइडला, म्हणजे वीज मिळाली की खेचणाऱ्या कॉइलला, तेव्हा तपासणी तिथूनच सुरू करायची. आज मी बोलतोय ते सरळ विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल.

आता कोड, म्हणजे स्कॅनर दाखवतो तो बिघाडाचा क्रमांक. पी०४०१ म्हणजे वायूचा प्रवाह कमी, पी०४०२ म्हणजे जास्त. हे दोन्ही प्रवाहाचे कोड आहेत, इथे पहिला संशय कार्बनवर आणि तुंबलेल्या मार्गावर घ्यावा. पी०४०३ आला तर व्हॉल्व्ह हलवणाऱ्या सर्किटमध्ये दोष. पी०४०४ म्हणजे सांगितलं तेवढा व्हॉल्व्ह हलला नाही. पी०४०५ म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडलाय हे कळवणाऱ्या सेन्सरचा सिग्नल फार खाली, पी०४०६ म्हणजे फार वर. कोड वाचल्यावर लगेच पुसू नका. तो नोंदला गेला तेव्हा इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होते, बॅटरीचं व्होल्टेज किती होतं, ही माहिती ईसीएमनं त्याच्यासोबत साठवलेली असते. ती लिहून घ्या. कोड पुसलात की तीही जाते, आणि अधूनमधून येणाऱ्या दोषाचा तोच एक साक्षीदार असतो.

मीटर हातात घेण्याआधी डोळे वापरा. बॅटरीचे टर्मिनल आणि फ्यूज बघा. व्हॉल्व्हचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, काढा आणि आत टॉर्च मारा. हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर ओल शिरलेली आहे. कोकणात, समुद्राजवळ हे फार दिसतं, आणि जोरात पाण्याचा फवारा मारून इंजिन धुतलेल्या गाड्यांतही. पिना सरळ आहेत का, एखादी मागे सरकली आहे का, तेही बघा. मादी पिन सैल झाली असेल तर कपलर वरून घट्ट बसतो आणि आत संपर्क नसतो. त्याच मापाची सुटी नर पिन घालून ओढून बघितली की हाताला लगेच कळतं. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात, तेव्हा हार्नेसवरची, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरची, टेप जिथे फाटलेली दिसेल तिथे ती उघडून बघाच. व्हॉल्व्ह एक्झॉस्टजवळ बसतो, त्यामुळे तिथल्या वायरीचं आवरण उष्णतेनं कडक होऊन तडकतं.

आता मोजमाप. या व्हॉल्व्हला बहुधा पाच तारा येतात. दोन व्हॉल्व्ह हलवण्यासाठी आणि तीन सेन्सरच्या. कोणती कुठली हे गाडीच्या वायरिंग डायग्रामवरून ठरवा. रंगावरून अंदाज बांधू नका, मॉडेल बदललं की रंग बदलतात.

सेन्सरपासून सुरुवात करू. कपलर काढलेला, चावी ऑन, इंजिन बंद. मीटरची काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल वायर कपलरमधल्या सप्लायच्या पिनेला. तिथे ५ व्होल्टच्या आसपास आले पाहिजेत. सेन्सरची अर्थ, म्हणजे निगेटिव्हची तार, मात्र कपलर जोडून, मागच्या बाजूनं पातळ प्रोब सरकवून मोजायची. तिथे बॅटरीच्या निगेटिव्हशी जेमतेम काही मिलिव्होल्टचा फरक असावा. तो ०.१ व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब आहे. उरली सिग्नलची तार. बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये तो मिटलेला असताना १ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली आणि पूर्ण उघडल्यावर ४ च्या आसपास सिग्नल मिळतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघावा. बघायचं ते हे, की व्हॉल्व्ह हलेल तसं व्होल्टेज सलग चढतं-उतरतं का. मध्येच उडी मारली किंवा शून्यावर पडलं तर सेन्सर झिजलाय.

५ व्होल्ट आलेच नाहीत तर? इथे घाई झाली की ईसीएम बदलण्यापर्यंत मजल जाते आणि गाडीमालकाचं मोठं नुकसान होतं. अनेक गाड्यांत एकच ५ व्होल्टची लाइन तीन-चार सेन्सरना मिळून दिलेली असते. त्यातला एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला किंवा त्याची तार घासून बॉडीला टेकली की सगळ्यांचा सप्लाय खाली बसतो. मी पाहिलेल्या एका गाडीत ईजीआरचा कोड होता, व्हॉल्व्ह नवाकोरा होता आणि दोष निघाला भलत्याच ठिकाणी, एसीच्या गॅसचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत. पुढच्या ग्रिलमागे ती पत्र्यावर घासली होती. शोधण्याची रीत सोपी आहे. मीटर त्या ५ व्होल्टच्या पिनेला लावून ठेवा आणि त्या लाइनवरचे बाकीचे कपलर एकेक करून काढत जा. ज्या क्षणी ५ व्होल्ट परत येतील, त्या क्षणी चोर सापडला. सगळे काढूनही आले नाहीत तर तारच कुठेतरी तुटली किंवा टेकली आहे. ईसीएमवर संशय घ्यायचा तो त्यानंतर.

आता व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दोन तारा. यात दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाली की मोजमाप फसतं. सोलेनॉइड असेल तर बहुतेक वेळा एका तारेवर रिलेतून, म्हणजे विजेनं चालणाऱ्या स्विचमधून, बॅटरीचं व्होल्टेज कायम येतं आणि ईसीएम दुसऱ्या तारेनं अर्थ तोडून-जोडून काम करून घेतो. ही तोडजोड सेकंदाला शेकडो वेळा होते, म्हणून साधा मीटर तिथे सरासरी दाखवतो. ६ व्होल्ट दिसले म्हणजे सप्लाय अर्धा झालाय असं नसतं. डीसी मोटर असेल तर दोन्ही तारा ईसीएममधूनच येतात, दिशा उलटवण्यासाठी. तिथे चावी ऑन करून १२ व्होल्ट शोधत बसण्यात अर्थ नाही, स्कॅनरमधून व्हॉल्व्ह उघडण्याचा हुकूम द्यायचा आणि तेव्हा मोजायचं.

सोलेनॉइडच्या सप्लायबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण तिथे जाणते मेकॅनिकही चकतात. मीटरवर १२ व्होल्ट आले म्हणजे तार चांगली, असं नसतं. दहा पदरांपैकी एकच पदर शिल्लक राहिला तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं, कारण मीटर करंट जवळजवळ खेचतच नाही. म्हणून सप्लायच्या पिनेवर लोड टाकून बघा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब तिथून बॅटरीच्या निगेटिव्हला जोडला की पावणेदोन अँपियर करंट वाहतो. बल्ब लख्ख पेटला तर तार सशक्त, मिणमिणला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. ही बल्बची चाचणी फक्त रिलेतून येणाऱ्या सप्लायसाठी. ५ व्होल्टच्या तारेला, सिग्नलच्या तारेला किंवा ईसीएममधून येणाऱ्या तारेला बल्ब लावायचा नाही, ईसीएम जळू शकतो.

कॉइलचा रेझिस्टन्स मोजताना बॅटरी सोडलेली आणि कपलर काढलेला असावा. आकडा मॅन्युअलशी ताडून बघा. अनंत दाखवला तर कॉइल तुटली आहे, शून्याजवळ आला तर शॉर्ट झाली आहे. शॉर्ट झालेली कॉइल ईसीएममधला ड्रायव्हर, म्हणजे कॉइल चालवणारा भाग, जाळू शकते, म्हणून ईसीएम बदलायची वेळ आलीच तर कॉइल तपासल्याशिवाय नवा जोडू नका.

अधूनमधून येणारा दोष सगळ्यात चिवट असतो. गाडी थंड असताना सगळे आकडे बरोबर येतात आणि तापल्यावर बिघडतात. अशा वेळी इंजिन चालू ठेवा, स्कॅनरवर व्हॉल्व्हची स्थिती आलेखात लावा आणि हार्नेस कपलरपासून ईसीएमपर्यंत वीतभर वीतभर हलवत जा. जिथे हात लागल्यावर आलेख तुटेल, तिथे तार उघडा. बॅटरीपासून इंजिनाला येणारी जाड अर्थची पट्टीही विसरू नका. सेल्फ मारताना इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर ती पट्टी काढून घासून पुन्हा घट्ट बसवा. ती गंजली की एकाच वेळी अनेक सेन्सरचे कोड येतात आणि मेकॅनिक एकेका सेन्सरमागे धावत राहतो.

आणि कार्बन. व्हॉल्व्ह कार्बननं जाम झाला की मोटर जास्त करंट खेचते आणि विजेचा कोड येतो. म्हणून तारा ठीक निघाल्या की व्हॉल्व्ह उतरवून साफ करून बघा. क्लीनर सेन्सरच्या आणि मोटरच्या बाजूला जाऊ देऊ नका.

या सगळ्या कटकटीला कंटाळून कुणी सुचवतं, "वायूच्या वाटेवर पट्टी मारून ईजीआर बंदच करून टाकू." श्रोतेहो, हे करू नका. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची दाटी मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडं मोजत नाहीत. म्हणजे ईजीआर बंद केलेल्या गाडीला प्रमाणपत्र मिळतं आणि तिच्या मागून स्कूटरवर जाणारं माणूस ते विष श्वासात घेतं. या ऑक्साइडांपासून उन्हात ओझोन तयार होतो आणि दम्याच्या रोग्याला तो फार जाचतो. हे थांबवायला त्या गाडीत व्यवस्था दिलेली आहे, ती दुरुस्त करता येते, आणि पुष्कळदा खर्च फक्त एका तारेचा असतो.

तार जोडताना पदर एकत्र पिळून वर नुसती काळी टेप गुंडाळू नका. इंजिनाच्या उष्णतेत तिचा गोंद वितळतो. नीट क्रिम्प किंवा सोल्डर करा, वर उष्णतेनं आकसणारी नळी चढवा आणि तार एक्झॉस्टपासून लांब बांधा. व्हॉल्व्ह बदलला किंवा साफ केला असेल तर काही गाड्यांत स्कॅनरमधून ईसीएमला त्याची मिटलेली जागा पुन्हा शिकवावी लागते. मग कोड पुसा, गाडी चढावर, सपाटीवर आणि गर्दीत फिरवा, आणि शेजारी बसलेल्याला स्कॅनरवर दोन आकडे बघायला सांगा, ईसीएमनं मागितलेलं उघडणं आणि प्रत्यक्षात झालेलं उघडणं. दुसरा आकडा पहिल्याच्या पाठोपाठ वर-खाली होत राहिला, की गाडी मालकाच्या ताब्यात द्यायला हरकत नाही.

नमस्कार.