रेस दाबली की अडखळते : केळीच्या पिकअपची तपासणी

(दृश्य : बागेच्या बांधावरून डांबरीवर चढणारी भरलेली पिकअप)

सावदा-रावेर पट्ट्यात केळी कापली की माल त्याच दिवशी भरावा लागतो. बागेपासून मोठ्या ट्रकपर्यंतची ही ने-आण पिकअपच्या जिवावर चालते. आता ही गाडी बघा. ड्रायव्हरनं रेस दाबली, गाडी क्षणभर मेल्यासारखी झाली आणि मग झटका देऊन उचलली. दुसऱ्या गिअरमध्ये थोडं जाणवतं, तिसऱ्यात माल असताना अगदी स्पष्ट.

(दृश्य : गाडी उभी, न्यूट्रलमध्ये रेस)

न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन साफ फिरतं. पेडलचा सेन्सर बिघडला असता तर गाडी बहुधा उभ्यानंही अडखळली असती. आरपीएमचा काटा वर पळाला असता आणि वेग वाढला नसता, तर दोष क्लचचा ठरला असता. इथे काटाच अडतो, म्हणजे लोड आला की इंजिनाला हवा तरी कमी पडते, नाहीतर डिझेल.

(दृश्य : सायलेन्सरमधून निघणारा काळा धूर)

हवा की डिझेल, ते धूर सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, त्याच्या मानानं हवा कमी आहे. डिझेलच कमी पडलं तर गाडी ओढत नाही, पण असा काळा लोटही निघत नाही. ही खूण या बीएस-४, म्हणजे जुन्या प्रदूषण नियमांच्या गाडीपुरती. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये काजळी धुराच्या वाटेतल्या फिल्टरमध्येच अडकते, तिथे धुरावर विसंबू नका.

(दृश्य : स्टिअरिंगखाली लावलेला स्कॅनर)

कोड आला पी ०२९९, म्हणजे टर्बोचा, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब कमी. बऱ्याच गॅरेजमध्ये इथेच घाई होते : कोडमध्ये टर्बो दिसला, की टर्बो उतरवा. पण दाब कमी आहे एवढंच कोड सांगतो, तो कुठे गेला ते सांगत नाही. कोड लगेच पुसायचाही नसतो. दोष नोंदला तेव्हाचा आरपीएम आणि लोड त्याच्यासोबत साठलेला असतो, तो आधी लिहून घ्यायचा.

आता लाइव्ह डेटा. इंजिन बंद, चावी ऑन : दाबाचा सेन्सर ९८ किलोपास्कलच्या आसपास दाखवतोय. रावेरच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब तेवढाच असतो, म्हणजे सेन्सर खोटं बोलत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेसवर मात्र मागणी १९० ची, मिळतात १३०. डिझेलच्या रेलचं, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीचं, प्रेशर मागणीच्या बरोबरीनं चढतंय. डिझेल फवारणारे इंजेक्टर काढून जळगावला तपासणीच्या बेंचवर पाठवायचं कारणच उरलं नाही. तरी खात्रीसाठी चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडल्या. पातळी बघा, जवळपास सारखी. एखादी बाटली इतरांपेक्षा दुप्पट भरली असती, तर गोष्ट वेगळी. मात्र हाय प्रेशर पाइपचा नट इंजिन चालू असताना कधीच सैल करू नका. तिथली धार कातडी फाडून आत जाते.

(दृश्य : एअर फिल्टर उजेडासमोर धरलेला)

फिल्टरच्या घड्यांत बागेतली काळी धूळ आणि कापसाचं तूस. आतून बाहेर हलकी हवा मारून धूळ निघते, पण तूस निघत नाही आणि जोराच्या हवेनं कागद फाटतो. हा बदलायचा. पण नवा फिल्टर टाकूनही आकडा १४० च्या पुढे गेला नाही.

(दृश्य : टर्बोच्या तोंडाला लावलेली टोपी, कॉम्प्रेसरची नळी, साबणाचं पाणी)

आता मुख्य काम. टर्बोच्या आत जाणाऱ्या तोंडाला व्हॉल्व्ह बसवलेली टोपी लावली, ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणारा, पाइप बंद केला आणि इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरवर एक बारच्या आत हवा सोडली. जास्त दाब दिला तर सीलच उडतील. ऑइल कॅपमधून थोडी फुसफुस येईल, ती रिंगांमधून जाणारी हवा. आपण साबणाचं पाणी सोडतोय इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) ते मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा) यांमधल्या रबरी होजवर.

वरून होज ठणठणीत. खालच्या बाजूला, क्लॅम्पला लागून, हे बुडबुडे. बोटानं दाबलं की चीर बंद, सोडलं की उघडी. आयडलवर दाब नसतो, म्हणून ती मिटलेली राहते आणि डोळ्याला दिसत नाही. लोडवर टर्बोनं हवा भरली की फाकते. टर्बोमधून येणाऱ्या तेलानं रबर फुगून मऊ झालंय, वर क्लॅम्प जास्त आवळलेला. त्यावर आधी कुणीतरी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ठेवली होती. ती सोडवल्याशिवाय चीर दिसलीच नसती!

(दृश्य : ईजीआर व्हॉल्व्ह बाहेर काढलेला)

होज उघडाच होता, म्हणून ईजीआरही, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, काढला. तोंडावर कार्बनचा थर, पण व्हॉल्व्ह पूर्ण मिटतोय. क्लीनर आणि ब्रशनं साफ केला, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला नाही, नवं गॅस्केट टाकलं. पत्रा लावून ईजीआर बंद करायची जी पद्धत आहे, तिला हात लावला नाही.

(दृश्य : नवा होज बसवताना)

पाइपाचं टोक तेल राहू नये म्हणून पुसून कोरडं केलं. होज कडेच्या उंचवट्याच्या आत सरकवला, क्लॅम्प त्या उंचवट्यामागे. उंचवट्यावर क्लॅम्प बसला तर पहिल्याच चढावर होज निसटतो. स्क्रूवाला पातळ क्लॅम्प टाकून टी-बोल्टचा घेतला.

त्याच मालासह तिसऱ्या गिअरमध्ये आकडा १८८. गाडी उचलते, केळी वेळेत पोचली.

नवं रबर तापून-थंड होऊन बसतं, तेव्हा शंभरेक किलोमीटर झाल्यावर क्लॅम्प तपासून लागला तर अर्धा आटा आवळा.