डी-बारचा वर्ग शून्य

(पडद्यावर: दोन भोकांचं पृष्ठ सावकाश फिरतंय. त्याच्या बिंदूबिंदूवर छोटी प्रतलं उगवतात.)

हे दोन भोकांचं रीमान पृष्ठ, म्हणजे ज्यावर जागा संमिश्र संख्यांनी दाखवता येते असं पृष्ठ. त्याच्या प्रत्येक बिंदूवर एक सदिश अवकाश उभं केलंय. दिसतात ती प्रतलं, पण ती संमिश्र संख्यांवरची आहेत, म्हणजे खऱ्या मिती याच्या दुप्पट. तेवढ्या पडद्यावर मावत नाहीत. बिंदू सरकला की त्याच्यावरचं अवकाशही बदलतं, आणि हा बदल होलोमॉर्फिक, म्हणजे संमिश्र अर्थाने विकलनीय, असतो. या सगळ्या पसाऱ्याला होलोमॉर्फिक व्हेक्टर बंडल म्हणतात.

आता पृष्ठाला हात लावायचा नाही. फक्त वरचं बंडल किंचित बदलायचं. किती दिशांनी बदलता येईल? आणि एखाद्या दिशेने पहिलं पाऊल पडलं, तर दुसरं पडेलच कशावरून?

(फळा. हात दोन बाय दोनचं मॅट्रिक्स लिहितो.)

सुरुवात सगळ्यांत साध्या पृष्ठापासून, म्हणजे गोलापासून. गोलाचे एकमेकांवर चढणारे दोन तुकडे करा, एक उत्तर ध्रुव वगळून, दुसरा दक्षिण ध्रुव वगळून. प्रत्येक तुकड्यावर बंडल ट्रिव्हियल, म्हणजे पीळ नसलेलं, असतं, त्यात काही गुपित नाही. जी काही माहिती आहे ती दोन तुकड्यांच्या शिवणीत. ती शिवण म्हणजे हे मॅट्रिक्स. कर्णावर झेड (गोलावरची जागा दाखवणारी संमिश्र संख्या) आणि एक भागिले झेड, खाली डावीकडे शून्य, वर उजवीकडे टी, म्हणजे आपल्याला हलवता येणारी संख्या.

टी शून्य असेल तर हे बंडल दोन लाइन बंडलांची (प्रत्येक बिंदूवर एकच मिती असलेल्या बंडलांची) बेरीज आहे, एकाची डिग्री, म्हणजे पिळाचा आकडा, एक, दुसऱ्याची उणे एक. आता टी शून्यावरून जरासा हलवा. पहिल्या स्तंभातून दुसऱ्या स्तंभाची झेड भागिले टी पट वजा करा. कर्णावरचा झेड गेला. मग दुसऱ्या ओळीतून पहिल्या ओळीची एक भागिले झेड-टी पट वजा करा. दुसऱ्या कोपऱ्यातलाही गेला. स्तंभाची क्रिया एका तुकड्यावर होते, ओळीची दुसऱ्या तुकड्यावर, म्हणून दोन्हींना मुभा आहे.

(जवळून: पुसलेल्या खडूच्या खुणांवर नवं मॅट्रिक्स.)

उरलं काय ते पाहा. एका कोपऱ्यात टी, समोरच्या कोपऱ्यात उणे एक भागिले टी, बाकी शून्य. झेड कुठेच नाही. म्हणजे बंडलात पीळच राहिला नाही, ते संपूर्ण गोलावर ट्रिव्हियल झालं. टी एक असो की एक लक्षांश, निकाल तोच. टी नेमका शून्य असला तरच वेगळा. अलेक्झांडर ग्रोथेंडीक यांनी १९५७ मध्ये दाखवलं की गोलावरचं प्रत्येक बंडल लाइन बंडलांची बेरीजच असतं. त्या यादीत दोन नोंदींच्या मध्ये काहीही नाही, आणि तरी एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर असं सहज सरकता येतं.

(फळा पुसला जातो.)

शिवणी जुळवत बसण्यापेक्षा आणखी एक वाट आहे, आणि ही फिल्म त्या वाटेची आहे. बंडलाचा गुळगुळीत सांगाडा कायम ठेवा. त्याची होलोमॉर्फिक रचना एका विकलन-क्रियेत साठवता येते, तिचं नाव डी-बार. अट एकच: डी-बार दोनदा लावला की शून्य यायला हवं. एवढी अट पाळली की होलोमॉर्फिक रचना आपोआप मिळते. झां-लुई कोझुल आणि बर्नार मालग्रांज यांचा हा सिद्धांत १९५८ चा. त्याच वर्षी कुनिहिको कोदायरा आणि डोनाल्ड स्पेन्सर यांचे संमिश्र रचनांच्या डिफॉर्मेशनवरचे, म्हणजे किंचित बदलांवरचे, लेख प्रसिद्ध झाले.

आता डी-बारमध्ये थोडी भर घाला, तिला ए म्हणू. डी-बार अधिक ए, याचाही वर्ग शून्य हवा. कंस सोडवा. डी-बारचा वर्ग शून्य होताच, तो गेला. राहिलं ते असं: डी-बार ए, अधिक ए वेज ए (वेज हा अदलाबदलीत चिन्ह बदलणारा गुणाकार), बरोबर शून्य.

हे मॉरर-कार्तान समीकरण. फळ्यावर अर्धी ओळ. भूमितीचा अख्खा प्रश्न या अर्ध्या ओळीत आलाय.

(हात घातश्रेणी लिहू लागतो. हा भाग न कापता दाखवावा.)

ए ही टीची घातश्रेणी मानू. टी गुणिले ए-एक, अधिक टी-वर्ग गुणिले ए-दोन, असं पुढे. समीकरणात घाला आणि एकेक घात वेगळा काढा.

टीचा गुणक सांगतो: ए-एकचा डी-बार शून्य. काही बदल दिसायला वेगळे, पण नुसतीच चौकट फिरवून मिळालेले असतात. ते एकच धरले की उरते एंडोमॉर्फिझम बंडलाची (प्रत्येक बिंदूवरच्या मॅट्रिक्सांच्या बंडलाची) पहिली कोहोमॉलॉजी, एच-एक: डी-बार शून्य येणाऱ्या गोष्टी, त्यांतल्या स्वतः कशाचा तरी डी-बार असलेल्या शून्य धरून. पहिल्या पावलाच्या सगळ्या दिशा या अवकाशात.

टी-वर्गाचा गुणक सांगतो: ए-दोनचा डी-बार म्हणजे उणे ए-एक वेज ए-एक. उजवी बाजू आपल्या हातात आहे, ए-दोन शोधायचाय. उजव्या बाजूचा डी-बार शून्य येतो, पण ती स्वतः कशाचा तरी डी-बार असेल असं नाही. नसेल तेव्हा ती दुसऱ्या कोहोमॉलॉजीत, एच-दोनमध्ये, एक शून्येतर घटक होऊन बसते. हाच अडथळा. पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडणार नाही.

अडथळा शून्य निघाला तर ए-दोन मिळतो आणि टी-घनाची पाळी येते. उजवीकडे ए-एक आणि ए-दोन यांचे गुणाकार, आणि प्रश्न पुन्हा तोच. प्रत्येक पायरीवर तीच यंत्रणा, नवं काही शोधावं लागत नाही. शेवटी श्रेणीचं अभिसरण सिद्ध करावं लागतं. त्याची पद्धत मासाताके कुरानिशी यांनी १९६२ मध्ये दिली.

(पुन्हा दोन भोकांचं पृष्ठ.)

रीमान पृष्ठावर मात्र मजा आहे. संमिश्र मिती एकच, त्यामुळे एच-दोनला तिथे जागाच नाही. अडथळा नाही, सगळ्या दिशा मोकळ्या. किती दिशा, ते रीमान-रॉख प्रमेय सांगतं. स्थिर बंडलासाठी (ज्याच्या आतली लहान बंडलं डिग्रीच्या मानाने कमी पडतात) रँकचा, म्हणजे प्रत्येक बिंदूवरच्या अवकाशाच्या मितीचा, वर्ग, गुणिले भोकांच्या संख्येतून एक वजा, अधिक एक. इथे रँक दोन, भोकं दोन. चार गुणिले एक, अधिक एक. पाच.

(जुनी छायाचित्रं.)

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री याच मोजणीकडे दुसऱ्या टोकाने आले. पृष्ठाच्या मूलभूत ग्रूपची, म्हणजे पृष्ठावरच्या बंद फेऱ्यांच्या ग्रूपची, युनिटरी रेप्रेझेंटेशन्स (प्रत्येक फेरीला लांबी जपणारं एक मॅट्रिक्स) घ्या, प्रत्येकातून एक बंडल बनतं. रेप्रेझेंटेशन इरिड्यूसिबल, म्हणजे लहान तुकड्यांत न फुटणारं, असेल तर ते किती दिशांनी हलवता येतं, हे ग्रूपच्या कोहोमॉलॉजीतून मोजता येतं. वास्तव मितींत दहा, म्हणजे संमिश्र मितींत पाच. दोन्ही हिशेब जुळले. स्थिर बंडलं आणि ही रेप्रेझेंटेशन्स यांची सांगड घालणारा त्यांचा १९६५ चा सिद्धांत सगळे सांगतात. त्याच्या आदल्या वर्षी या दोघांचा होलोमॉर्फिक बंडलांवरचा आणखी एक लेख आला होता, त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

(फळा. हात "ट्रेस" लिहितो.)

दोन संमिश्र मितींच्या पृष्ठांवर एच-दोन असतो. के-तीन या खास प्रकारच्या पृष्ठावरच्या सिंपल बंडलासाठी (ज्याचे स्वतःवरचे नकाशे फक्त एका संख्येने गुणणारे) त्याची मिती नेमकी एक. अडथळ्याला बसायला एक खुर्ची आहे, असं वाटतं. पण ए-एक वेज ए-एक याचा ट्रेस, म्हणजे कर्णावरची बेरीज, काढा: चिन्हं एकमेकांना खातात, शून्य येतं. आणि ती एकुलती मिती सगळी ट्रेसचीच आहे. अडथळा उरत नाही, अशा सगळ्या बंडलांचं मिळून बनणारं मोड्युली अवकाश गुळगुळीत निघतं. शिगेरू मुकाई, १९८४. अवघड विश्लेषण लागेल असं वाटावं, तिथे ट्रेसच्या एका ओळीवर भागलं.

(टंकलिखित पानांवरून कॅमेरा फिरतो.)

१९८६ मध्ये पिएर दलीन्य यांनी जॉन मिल्सन यांना पत्र लिहिलं. कॅरेक्टरिस्टिक शून्य असेल, म्हणजे एक कितीही वेळा स्वतःत मिळवला तरी शून्य येत नसेल, तर प्रत्येक डिफॉर्मेशनच्या प्रश्नामागे एक डिफरन्शियल ग्रेडेड लाय बीजगणित (डी-बारसारखी क्रिया आणि वेजसारखा गुणाकार असलेली रचना) असतं, हा त्यातला विचार. दोन प्रश्नांची बीजगणितं क्वासी-आयसोमॉर्फिक, म्हणजे कोहोमॉलॉजीत जुळणारी, असली की प्रश्न एकच. मग अवघड बीजगणिताच्या जागी सोपं ठेवता येतं. विल्यम गोल्डमन आणि मिल्सन यांनी १९८८ मध्ये तेच केलं. कॉम्पॅक्ट केलर मॅनिफोल्डवरच्या (संमिश्र रचनेशी जुळणारी मोजपट्टी असलेल्या बंदिस्त अवकाशावरच्या) सपाट युनिटरी बंडलांसाठी त्या बीजगणिताची जागा त्याची कोहोमॉलॉजीच घेते, आणि तिथे डी-बार शून्य असतो. त्यामुळे दुसऱ्या पायरीचा अडथळा पार झाला की पुढची एकही पायरी अडवत नाही.

यांग-मिल्स सिद्धांत, मिरर सिमेट्री, चार मितींच्या मॅनिफोल्ड्सवरचं डोनाल्डसन यांचं काम, सगळीकडे हीच यंत्रणा पोचली.

(फळ्यावर घातांकी श्रेणी, छेदांतले फॅक्टोरियल वर्तुळात.)

दलीन्य यांच्या विचाराला प्रमेयाचं पूर्ण रूप २०१० च्या सुमारास प्रिडहॅम आणि जेकब लुरी यांनी दिलं. कॅरेक्टरिस्टिक शून्याची अट त्यातही राहिली. चौकट फिरवायची तर घातांकी श्रेणी लागते, आणि तिच्या छेदात हे फॅक्टोरियल येतात. कॅरेक्टरिस्टिक पी असेल तर पी फॅक्टोरियलच शून्य, भागाकार अडला. त्या जगासाठी लुकास ब्रँटनर आणि अखिल मॅथ्यू यांनी २०१९ मध्ये पार्टिशन लाय बीजगणितं मांडली. फळ्यावरची अर्धी ओळ तिथे पुरत नाही.