नाव सांगायची सक्ती नाही

(दृश्य : कात्रजच्या नव्या बोगद्यातून सुटणारी वाहनं, रात्र)

बोगदा संपला की थेट नवले पुलापर्यंत उतार. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनामुळे इथे अनेक गाड्यांचं नुकसान झालं. अशा वेळी जखमीपाशी आधी पोचतो तो टपरीवाला, रिक्षावाला, मागच्या गाडीतलं कुणीतरी.

(दृश्य : घोळका, उंचावलेले मोबाइल)

थांबतात पुष्कळ जण, पण हात लावायला कचरतात. ‘नसतं लचांड मागे लागेल.’ जाबजबाब, कोर्टाच्या तारखा... आणि उचलताना त्याला काही झालं तर? ही भीती उगाच आलेली नाही. पण आता कायदा मदत करणाऱ्याच्या बाजूनं उभा आहे.

(दृश्य : सर्वोच्च न्यायालय, निकालाची पानं)

सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्ते सुरक्षेसाठी काम करणारी संस्था मदत करणाऱ्यांना संरक्षण मिळावं म्हणून २०१२ साली जनहित याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. केंद्रानं २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ३० मार्च २०१६ ला न्यायालयानं त्या देशभर बंधनकारक केल्या. पुढे २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं, २०२० मध्ये त्याचे नियम. रस्ते अपघातातल्या जखमीला स्वतःहून, चांगल्या हेतूनं, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याच्या हातून चूक झाली, त्यात जखमी दगावला, तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. धडक देणाऱ्या चालकाला अर्थातच ही सवलत नाही.

(दृश्य : रुग्णालयाचं प्रवेशद्वार, स्ट्रेचर)

नाव-पत्ता द्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचं. पोलिसही सक्ती करू शकत नाहीत. साक्ष द्यायला तयार झालात, तर जबाब एकदाच, तुमच्या सोयीच्या वेळी, हवं तर तुमच्या घरी. अधिकारी साध्या वेशात.

(दृश्य : प्रवेशद्वाराजवळची भिंत, कॅमेरा सावकाश फिरतो)

हे हक्क मराठीतही लिहिलेला फलक रुग्णालयानं दर्शनी भागात लावायचा आहे, सरकारी असो वा खासगी. या भिंतीवर डॉक्टरांच्या वेळा आहेत, पार्किंगची सूचना आहे. तो फलक नाही. पुण्यात कुठल्याही रुग्णालयात गेलात की तो शोधा, दिसला नाही तर विचारा.

(दृश्य : धावती अ‍ॅम्ब्युलन्स)

पहिला तास हातचा गेला तर जीव जाऊ शकतो. १०८ किंवा ११२ ला फोन लावा, रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. जखमीला रुग्णालयात पोचवलंत की लगेच निघू शकता. तुम्हाला अडवून ठेवायचा अधिकार रुग्णालयाला नाही.