हातचा कुठे गेला?

सकाळचे साडेसहा. नाशिकच्या कॉलेज रोडवरची दुकानं अजून बंद आहेत, पण क्लासच्या जिन्याखाली सायकलींची रांग लागलीये.

या मुलीचा हात पाहा. दहावीची सराव परीक्षा चालू आहे. दोन क्रमागत सम संख्यांचा गुणाकार 168. त्या संख्या काढा. समीकरण तिनं बरोबर मांडलंय. आता 168 चे असे अवयव पाडायचे, ज्यांच्यात फरक 2. काल रात्री सिडकोतल्या घरी, ओट्याशेजारी फतकल मारून, असंच गणित तिनं बघता बघता सोडवलं होतं. इथं ती 8 आणि 21 लिहिते. खोडते. पुन्हा 8 आणि 21च लिहिते. खोडरबरानं कागद विरत चाललाय.

अभ्यास कमी पडला, असं आपण चटकन म्हणून टाकतो. या मुलीच्या बाबतीत ते खरं नाही.

बेरजेत आपण हातचा धरतो. तो धरायला मेंदूत जागा लागते, तिला वर्किंग मेमरी म्हणतात. ही जागा फार थोडी. 168 तिथंच, करून पाहिलेल्या जोड्या तिथंच, पुढची पायरीही तिथंच. आणि काळजी मुक्कामाला येते तीही तिथंच. ‘मार्क कमी पडले तर?’ ‘बाबा काय म्हणतील?’ हा सगळा पसारा आवरतो कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, आणि त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालूच असते. थोडी धाकधूक बरी, तिनं माणूस सावध राहतो. पण ताण फार वाढला, की या भागाची पकड सुटते. चुकलेली वाट सोडून दुसरी धरणं जमत नाही. म्हणून पुन्हा 8 आणि 21.

अशी किती मुलं ‘मला गणित येतच नाही’ म्हणत विषयच सोडून देतात.

आठवड्यानं पुन्हा चाचणी. या वेळी बाईंनी आधी कोरे कागद वाटलेत. दहा मिनिटं, मनातली भीती लिहायची. नाव घालायचं नाही, कुणी वाचणार नाही. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये नववीच्या मुलांबरोबर हेच करून पाहिलं होतं. परीक्षेची धास्ती घेणाऱ्या मुलांचे गुण त्यानं सुधारले. खर्च एका कागदाचा. नाशिकच्या प्रत्येक शाळेत ही दहा मिनिटं मिळायला हवीत.

तिनं पान भरलंय. चार घड्या घालून ते कंपासपेटीत, कर्कटकाखाली ठेवते.

घंटा होते.