आमा आटा आयडू: नाटककार शिक्षणमंत्री झाली, मग दीड वर्षात बाहेर का पडली?

नमस्कार मंडळी! घानाच्या आमा आटा आयडू यांच्यावर लिहिणारे 'काही काळ मंत्री होत्या' एवढ्या एका ओळीत त्यांचं राजकारण उरकतात. ते बरोबर नाही. आज त्या दीड वर्षाबद्दलच बोलू.

[पडद्यावर: घानाचा नकाशा]

३१ डिसेंबर १९८१ रोजी हवाई दलातल्या जेरी रॉलिंग्ज यांनी लोकांनी निवडलेलं सरकार उलथवलं. राज्यघटना गुंडाळली, संसद बरखास्त केली, पक्षांवर बंदी आणली. १९८२ च्या सुरुवातीला या नव्या राजवटीनं आयडूंकडे शिक्षण खातं दिलं. त्यांनी ना निवडणूक लढवली, ना प्रचार केला. शिक्षण सगळ्यांना मोफत मिळावं, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या.

मग अडलं कुठं? कायद्यात नाही. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करणारा कायदा घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या काळात, १९६१ मध्येच झाला होता. अडलं पैशात. सरकारी तिजोरीचा मोठा आधार म्हणजे कोको. साठच्या दशकाच्या मध्यात वर्षाला साडेपाच लाख टनांच्या वर गेलेलं पीक १९८३-८४ मध्ये जेमतेम १ लाख ६० हजार टनांवर आलं. सरकार शेतकऱ्याला इतका कमी भाव द्यायचं की बराच माल चोरून शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये जायचा. झाडं म्हातारी झाली, पण नवी लावायला कुणाला हुरूप नव्हता. परकीय चलन आटलं, की वह्या-पुस्तकांच्या कागदापासून सगळ्याचीच बोंब.

शिक्षकांचं दुखणं तर याहून मोठं. नायजेरियात तेलाचा पैसा खेळत होता, पगार चांगले होते. घानाचे प्रशिक्षित शिक्षक तिकडे निघून गेले. फी माफ कराल हो, पण वर्गात शिकवणार कोण?

त्यात १९८३ उजाडलं. जानेवारीत नायजेरियानं कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना देश सोडायला सांगितलं आणि सुमारे दहा लाख घानावासी माघारी आले. त्याच वर्षी दुष्काळ पडला, वणव्यांत उभी पिकं जळाली. एप्रिलच्या अर्थसंकल्पात सरकार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या वाटेला लागलं, म्हणजे खर्चाला कात्री.

माझ्या मते खरी मेख वेगळीच होती. संसद असती तर मंत्र्याला आपल्या खात्यासाठी चारचौघांत भांडता आलं असतं. इथं दाद मागायची ती बंद दाराआडच. ठरवलेलं काम होणार नाही, हे कळल्यावर आयडूंनी खुर्ची सोडली.

त्या झिम्बाब्वेला गेल्या आणि तिथल्या शिक्षण मंत्रालयात अभ्यासक्रम तयार करायच्या कामाला लागल्या. खुर्ची गेली, विषय सुटला नाही. घानात उच्च माध्यमिक शिक्षण मोफत झालं ते २०१७ मध्ये. आयडू २०२३ मध्ये वारल्या.

[पडद्यावर: पुस्तकांची मुखपृष्ठं]

वाचायला घ्यायचं तर त्यांचं १९७० चं नाटक 'अनोवा' आधी घ्या. 'अवर सिस्टर किलजॉय' या कादंबरीत गद्य-पद्य मिसळलेलं आहे, सुरुवातीलाच अडखळाल. 'अनोवा'च्या तिसऱ्या भागात नायिकेला लहानपण आठवतं: किनाऱ्यावरची ती मोठी घरं कशासाठी बांधली, असं ती आजीला खोदून खोदून विचारते. ती घरं होती गुलामांना कोंडण्यासाठी. उत्तर देताना आजी वैतागते, नात मात्र विचारायची थांबत नाही. तो प्रवेश सावकाश वाचा.