दहा महिने उशिरा पोचलेला डोनोव्हन

साठच्या दशकातला ब्रिटिश गायक डोनोव्हन याचं नाव निघालं की जाणकार मंडळी हटकून एकच प्रसंग सांगतात. मे १९६५, लंडनचं सॅव्हॉय हॉटेल. बॉब डिलनच्या खोलीत माणसं जमलीत, माहितीपटकार पेनेबेकरचा कॅमेरा सुरू आहे. डोनोव्हन आपलं एक साधं, गोड गाणं म्हणतो. मग डिलन गिटार हातात घेतो आणि ‘इट्स ऑल ओव्हर नाउ, बेबी ब्लू’ सुरू करतो. झालं! अस्सल कोण आणि नक्कल कोण, याचा निकाल लागला. तो माहितीपट १९६७ मध्ये लोकांसमोर आला आणि ‘ब्रिटनचा डिलन’ हा शिक्का त्याच्यावर पक्का बसला.

माझं म्हणणं आहे की हा निकाल फार लवकर लावला गेला. खरा डोनोव्हन त्या खोलीत अजून आलेलाच नव्हता.

ग्लासगोच्या मेरीहिल भागात १९४६ साली जन्म, लहानपणी पोलिओ, मग घर इंग्लंडमध्ये हॅटफील्डला. सेंट ऑल्बन्सच्या लोकसंगीतवाल्या पोरांत बसून तो बोटांनी गिटार छेडायला शिकला. १९६५ च्या सुरुवातीला ‘रेडी स्टेडी गो’ या टीव्ही कार्यक्रमात झळकला आणि ‘कॅच द विंड’ गाजलं. डोक्यावर टोपी, हातात साधी गिटार. डिलनची आठवण येणारच, त्यात लोकांचं काही चुकलं नाही.

पण त्याच वर्षीचा डिसेंबर घ्या. आता सोबत निर्माता आहे मिकी मोस्ट. ‘ॲनिमल्स’ आणि ‘हर्मन्स हर्मिट्स’ या बँडना हिट गाणी देणारा, तीन मिनिटांत गाणं संपलंच पाहिजे अशा मताचा पक्का धंदेवाईक माणूस. वाद्यरचनाकार जॉन कॅमेरॉन जॅझमधला. ‘सनशाइन सुपरमॅन’ हे गाणं नीट ऐका: हार्प्सिकॉर्ड हे पियानोसारखं जुनं वाद्य आहे, उभा डबल बास आणि इलेक्ट्रिक बास दोन्ही एकदम वाजताहेत, गिटारवर जिमी पेज आहे. त्याचा लेड झेपेलिन हा बँड तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. याच नावाच्या अल्बममध्ये शॉन फिलिप्सची सतार आहे. सतार आणण्यात बीटल्स पुढे होते, हे मान्य. पण लोकगीत, जॅझ, सतार आणि मध्ययुगीन सरदार-राण्यांच्या कथा हे सगळं एका अख्ख्या अल्बमभर असं कुणी मुरवलं होतं?

आणि इथे घोळ झाला. नव्या अमेरिकी करारावरून ब्रिटनमधल्या ‘पाय’ या रेकॉर्ड कंपनीशी वाद पेटला. अमेरिकेत ते गाणं जुलै १९६६ मध्ये आलं आणि सप्टेंबरमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ब्रिटनमध्ये ते डिसेंबरात पोचलं. अल्बमचं तर त्याहून वाईट. अमेरिकेत ऑगस्ट १९६६, ब्रिटनमध्ये जून १९६७, तोही दोन अल्बममधली गाणी निवडून जोडलेला. तोवर बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ अल्बम दुकानात आलेला! म्हणजे ज्याने आधी केलं, तो स्वतःच्याच देशात मागाहून आलेला ठरला.

त्यातच जून १९६६ मध्ये गांजा बाळगल्याबद्दल अटक. ब्रिटनच्या बड्या पॉप गायकांत या कारणासाठी पकडला गेलेला तो पहिला. त्यापायी पुढच्या वर्षी अमेरिकेत प्रवेश मिळाला नाही आणि कॅलिफोर्नियातला माँटेरीचा संगीत महोत्सव हुकला. गंमत म्हणजे १९६७ च्या अखेरीस हाच माणूस आपल्या अल्बममधून तरुणांना सांगत होता, अमली पदार्थ सोडा. अल्बमवर महर्षी महेश योगींसोबतचा फोटो होता.

मग १९६८, ऋषिकेश. गंगेपलीकडची चौरासी कुटिया, म्हणजे महर्षींचा आश्रम, आज राजाजी व्याघ्र प्रकल्पात आहे, तिकीट काढून बघता येते. तुमच्यातल्या काहींनी पाहिलीही असेल. तिथे बीटल्स होते, अभिनेत्री मिया फॅरो होती आणि डोनोव्हन. ध्यान संपलं की गिटारी निघायच्या. अंगठ्याने खालचे सूर आलटूनपालटून धरायचे आणि बाकीच्या बोटांनी वर चाल गुंफायची, ही पद्धत जॉन लेननने डोनोव्हनकडून तिथे उचलली. ‘डिअर प्रुडन्स’ आणि ‘ज्युलिया’ ऐका, लेननच्या बोटांत ती साफ दिसते. ज्याला नक्कल म्हणून हिणवलं, त्याच्याकडे लेनन शिकायला बसला होता.

डोनोव्हनचं ‘हर्डी गर्डी मॅन’ हे गाणंही ऋषिकेशचंच. रेकॉर्डवर तंबोरा आहे, पण शेजारी इतकी जाड, खरखरीत गिटार की आश्रमाची शांतता पार उधळली जाते. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने त्यासाठी एक कडवं लिहून दिलं होतं. ते रेकॉर्डवर आलं नाही. तीन मिनिटांचा हिशेब, दुसरं काय! पुढे डोनोव्हन मैफलींत ते गात असे.

१९६९ मध्ये मोस्टशी बिनसलं आणि उतरण लागली. नंतरचे बरेचसे अल्बम मी कर्तव्य म्हणून ऐकलेत. शिवाय ‘हे मी सुरू केलं, ते मी सुरू केलं’ असं डोनोव्हन स्वतःच इतक्यांदा सांगतो की खरं श्रेयही लोक हसण्यावारी नेतात. २०१२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं, ते बरं झालं.

आता गिटारवाल्या पोरांसाठी. ‘सीझन ऑफ द विच’ काढा, त्याच १९६६ च्या अल्बममधलं. मुख्यतः दोनच कॉर्ड आहेत, संध्याकाळपर्यंत हातात बसेल. आवाज सुरुवातीला जवळजवळ कुजबुजता ठेवा. आणि मग अल कूपर आणि स्टीफन स्टिल्स या अमेरिकी वादकांनी १९६८ मध्ये त्याच दोन कॉर्डवर अकरा मिनिटं काय केलंय ते ऐका.